तीन नंबर

वणवा अर्गिरोच्या गावापर्यंत पोचला होता आणि इकडे आपत्ती निवारण कचेरीत तिच्या सर्व्हरची डेटाबेसशी जोडणी होत नव्हती. जोडणी झाली, की त्यात नोंदलेल्या चारशे गावकऱ्यांच्या फोनवर ‘गाव सोडा’ असा इशारा जाणार होता. “आटप गं! की आगीलाच अर्ज करू, थांब म्हणून?” लेफ्तेरिससाहेब ओरडले. पासवर्ड तिसऱ्यांदा नाकारला गेला. तेव्हा घाईत तिने सरावाच्या वेळची, डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड असलेली जोडणीची ओळ तशीच चिकटवली. जोडणी झाली! तिने बटण दाबलं. तिच्याच खिशातला फोन वाजला, मग साहेबांचा, मग शिपायाचा. सरावाच्या डेटाबेसमध्ये एवढेच तीन नंबर होते. तिने त्याच फोनवरून गावातल्या आईला गाठलं. “आई, चर्चची किल्ली तुझ्याकडे ना? पळू नकोस. घंटा वाजव!” “आणि मग?” फोनमधून आधी खोकला ऐकू आला, मग कुलपाचा खटका, आणि मग घंटा.