शुद्ध नमुना

"असला तारा निवडणाऱ्याला आकाश कळत नाही," संस्थेच्या सभागृहात पडद्यावरचा आलेख पाहून डॉ. गणपुल्यांनी नाक मुरडलं. "अंगभर नुसता पारा! खरात मॅडम, हा भेसळीचा माल कुठून उचललात?"

ताऱ्यांच्या अंगावरची भलती द्रव्यं शोधण्यात गणपुल्यांची हयात गेली होती. भेसळ ओळखायला शुद्ध नमुना लागतो, म्हणून तरुणपणीच त्यांनी एक तारा निवडला होता. विद्यार्थी आपला तारा घेऊन आला, की ते दोघांचा प्रकाश शेजारी ठेवून बघत. जुळला, की "विशेष काही नाही" म्हणत आणि प्रबंध टेबलावरून परत ढकलत. हे ऐकून सोनटक्के नावाच्या विद्यार्थ्याने तर संशोधनच सोडलं. आता तो संस्थेचे संगणक सांभाळायचा, आणि गणपुले त्यालाच चहा आणायला पिटाळायचे.

"सर, हा तुमचाच शुद्ध तारा आहे," खरात म्हणाली. "अतिनील प्रकाश हवेतच अडतो, म्हणून जमिनीवरून हा पारा कधी दिसला नाही. अवकाशातल्या दुर्बिणीला दिसला."

"दुर्बीण बिघडलीय."

कोणीच मान डोलावली नाही. गणपुल्यांचा आवाज उतरला. "मग याच्याशी जुळले म्हणून मी परत केले, ते तारे?"

खरातने पुढचा आलेख लावला. सोनटक्केच्या ताऱ्यातही तेवढाच पारा होता.

गणपुले मागच्या रांगेतल्या सोनटक्केकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून त्याच्यासाठी अहो-जाहो निघालं. "सोनटक्के, तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं की," खुर्चीतून न उठता सोनटक्के म्हणाला. "विशेष काही नाही."