एका पायाचे दोन डॉक्टर

थोरल्या जावेने कोंबडीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि तिचा सुजलेला पाय मिठाच्या कोमट पाण्यात बुडवला. कोंबडीचं नाव ठमी. तिच्या तळव्यावर काळी खपली धरली होती आणि खपलीखाली वाटाण्याएवढी गाठ होती.

“ठमे,” थोरली परसातल्या भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “काही माणसांना वाटतं, पट्टी आवळून बांधली की पाय बरा होतो. रक्त कुठून फिरायचं, हे त्यांना कोण सांगणार?”

भिंतीपलीकडे कपडे आपटण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. उत्तर दुपारी येणार होतं, ठमी तिकडे गेल्यावर.

भिंत दोघा भावांनी बांधली होती, वाटणीच्या वेळी, सासूच्या कपाटावरून भांडण झालं तेव्हा. कपाटाला पुढे वाळवी लागली. भाऊ केव्हाच एका स्कूटरवर बसून कामाला जाऊ लागले होते. जावांना मात्र आता बोला असं कुणी सांगितलं नाही, आणि आपण होऊन बोलणं दोघींच्या स्वभावात नव्हतं. लेकी बोले सुने लागे, तसं दोघी कोंबडीला बोलत. खुराडं थोरलीकडे होतं आणि अंडी घालायची जागा धाकटीच्या धुण्याच्या दगडामागे. ठमी रोज भिंतीवरून जा-ये करी. निम्मी अंडी भिंतीवर ठेवलेली सापडत. उरलेली निम्मी कुठे जातात, हे थोरलीने ठमीला पुष्कळदा विचारलं होतं. थोरलीचे गुडघे, धाकटीच्या मुलीचं नापास होणं, कुणाचा कुकर बिघडला, सगळं ठमीला सांगितलं जाई आणि पलीकडे ऐकलं जाई.

दुपारी पलीकडून आवाज आला. “ठमे, तुझ्या घरी चादरी फाडून पट्ट्या करतात वाटतं. इकडे दुकानातला कापूस आहे हो. लाजू नकोस.”

संध्याकाळी ठमी नव्या पट्टीत परत आली. थोरलीने पट्टी सोडली आणि पाय पुन्हा मिठाच्या पाण्यात घातला.

असं चालू राहिलं आणि सूज वाढत गेली. ठमी एका पायावर उभी राहू लागली, उड्या मात्र सोडेना. तेव्हा थोरलीने जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

“हिला दिवसभर पाण्यात ठेवता का?” डॉक्टरांनी विचारलं. “कातडी पार लिबलिबीत झालीय.”

“मी सकाळी भिजवते. आणि संध्याकाळी. दुपारचं मला माहीत नाही.”

“दुपारी कोण भिजवतं?”

थोरलीने भिंतीकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं.

“एका पायाला दोन डॉक्टर असतील तर तिसरा मी कशाला?” ते म्हणाले. “आधी उडी बंद करा. एवढ्या उंचीवरून रोज फरशीवर आदळते, त्यानेच तळवा फुटलाय. घरात कोंडा, खाली मऊ भुसा घाला. दिवसातून एकदा भिजवा, खपली सैल झाली की घाण काढा, औषध लावून बांधा. खाली गुलाबी कातडी आली की सोडून द्या. हयगय केलीत तर हाडापर्यंत जाईल. मग कोंबडी गेली समजा.”

ठमीची रवानगी स्वयंपाकघरातल्या खोक्यात झाली. परस शांत झालं. पलीकडे कपडे आपटले जात, पण मध्येच थांबत नसत. थोरली ठमीशी बोलून पाही. स्वयंपाकघरातला आवाज भिंतीपर्यंत पोचत नव्हता. ठमी गेली तर हे असंच राहणार, हे तिला कळत होतं.

त्यात एकटीने पट्टी होईना. कोंबडी धरावी तर चिमट्याला हात नाही, चिमटा धरावा तर कोंबडी ओट्याखाली. पाण्याचं पातेलं अंगावर उलटलं, तशी ती ओल्या कपड्यांनिशी भिंतीपाशी गेली. हातात कोंबडी नव्हती. त्यामुळे सुरुवात कशी करावी ते सुचेना.

“पट्टीला दुसरा हात लागतो,” ती शेवटी म्हणाली.

कपडे आपटणं थांबलं.

“कुणाला म्हणताय?”

“तुला म्हणतेय. इथे दुसरं कोण आहे?”

धाकटी रस्त्याने वळसा घालून पुढच्या दाराने आली. कापसाचा पुडा बरोबर होता.

“आवळू नकोस.”

“मला कळतं.”

“कळत असतं तर पाय असा...”

“जाऊबाई, कोंबडी धरा.”

मग ती रोज सकाळी येऊ लागली. पट्टीला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ पट्टीला लागू लागला. एकदा कपाटाचाही विषय निघाला. वाळवीपर्यंत येऊन संपला.

एके दिवशी धाकटी यायच्या आधीच थोरलीने पट्टी सोडून पाहिली. खपली पट्टीलाच चिकटून आली. खाली कोरडी, गुलाबी कातडी होती. तिने खपली केरात टाकली, तीच पट्टी एकटीने कशीबशी परत बांधली आणि चहाचं आधण ठेवलं.

धाकटी आली. तिने पट्टी सोडली. पाय उजेडात धरला. अंगठ्याने तळवा दाबून पाहिला. ठमीने हूं की चूं केलं नाही. तिला मांडीवर धरून थोरली आधणाकडे बघत होती.

“वरून बरं दिसतंय, जाऊबाई,” धाकटी म्हणाली आणि नवी पट्टी कापायला घेतली. “पण आतलं कुणी बघितलंय? उद्या येते.”

“ये. उगीच घाई नको.”

पट्टी बांधून ठमीला खाली सोडलं. ती धावत ओट्यापाशी गेली, उडी मारून वर चढली, धपकन खाली आली आणि पुन्हा चढली. जावांनी चहा गाळून घेतला. दोघींनाही काही दिसलं नाही.