सहा आणि एक

सहावं माप टोपलीत पडलं आणि धान्याची गल्ली गप्प झाली. चिंचवाल्याने ओरडणं थांबवलं. समोरच्या दुकानातले दोन हमाल खांद्यावरची पोती तशीच धरून उभे राहिले. सातव्या मापाला सुकांती काय म्हणते, हे सगळ्यांना ऐकायचं होतं.

त्याला कारणही तसंच होतं. नरसन्नपालेमच्या बाजारात माप मोजताना कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. आणि 'सात' तर चुकूनही नाही. तेलुगूत सात म्हणजे 'एडु', आणि 'रड' म्हणायचं तरी 'एडु'च. सकाळी सकाळी गिऱ्हाइकाला तोंडावर रड म्हणून कोण धंदा करील? म्हणून इथे सगळे 'सहा आणि एक' म्हणतात आणि पुढे आठावर जातात.

सुकांतीला हे कुठलं माहीत असायला? ती ओडिशाच्या डोंगरातली. नवरा गेल्यावर दिरांच्या दारात मिंधं होऊन राहायचं नाही, असं ठरवून ती एकटीच खाली या बाजारगावात आली. तेलघाण्यामागे खोली घेतली आणि सिंहाचलमच्या दुकानात तांदूळ मापायला बसली. पहिल्याच मंगळवारी, ऐन लग्नाच्या तांदळाला, तिने खणखणीत आवाजात 'एडु' म्हटलं. नवरीच्या मामाने भरली टोपली रस्त्यावर उलटी केली.

"पुन्हा तो शब्द तोंडातून निघाला," सिंहाचलमने बजावलं होतं, "तर गाठोडं उचलायचं आणि डोंगर गाठायचा."

त्याने तिच्या हातातलं माप काढून घेतलं आणि झाडू दिला. सुकांतीने तीन महिने दुकान झाडलं. झाडता झाडता ओठांतल्या ओठांत मोजलं. लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, सहा आणि एक. येणारेजाणारे "काय डोंगरीण, सहाच्या पुढे काय?" असं खिजवायचे, तेव्हा ती हसून उत्तर द्यायची आणि पुन्हा झाडू लागायची. आपण या गावातून जायचं नाही, एवढं तिने पक्कं केलं होतं. आज मापाडीण मुलीच्या बाळंतपणाला गेली, आणि माप पुन्हा सुकांतीच्या हातात आलं.

गिऱ्हाईक होती पैडम्मा. बसस्टँडजवळ तिची खाणावळ. ती आणि तिची धाकटी जाऊ चिन्नारी, दोघी तीस वर्षं एका चुलीवर रांधत होत्या आणि त्याच चुलीपाशी कडाकडा भांडत होत्या. मिठावरून, सरपणावरून, कशावरूनही. लोक जेवायला जितके जायचे, तितकेच भांडण ऐकायला. महिन्यापूर्वी चिन्नारी तापाने गेली. पैडम्माच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. चौथ्या दिवशी खाणावळ उघडली. आजचा तांदूळ चिन्नारीच्या महिन्याच्या जेवणाचा होता.

"सुटलीस बाई," गावात जो भेटेल तो तिला हेच म्हणायचा. सिंहाचलमही आज म्हणाला होता, "आता शांतता असेल ना अम्मा, खाणावळीत?"

"फार," पैडम्मा म्हणाली होती. मग तांदळाचे चार दाणे चिमटीत घेऊन तिने विचारलं, "जाड तर नाही ना? तिला जाड चालत नाही."

चालत नाही. चालत नव्हता, असं ती म्हणाली नाही. तेव्हापासून सुकांतीचं लक्ष मोजण्याइतकंच तिच्याकडे होतं. पैडम्माने टोपलीचा काठ दोन्ही हातांनी असा आवळून धरला होता की बोटं पांढरी पडली होती. डोळे मात्र कोरडे होते. हे दुखणं सुकांतीच्या ओळखीचं होतं. नवरा गेला तेव्हा तीही दोन महिने अशीच कोरडी हिंडली होती, घास गिळायची मारामार झाली होती. खंबीर आहे हो, असं सगळ्यांनी कौतुक केलं. तिला त्या कौतुकाचा राग आला होता.

सातवं माप तिने काठोकाठ भरलं आणि हाताने सपाट केलं. 'सहा आणि एक' जिभेवर तयार होतं. तेवढं म्हटलं की झालं. माप तिचं, दुकान तिचं, गाव तिचं. तिने डोंगराकडे एकदा पाहिलं. तिकडे जायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

मग तिने माप ओतलं, पैडम्माच्या गार बोटांवर हात ठेवला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "एडु, अम्मा. एडु."

कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं.  पैडम्मा मटकन खाली बसली, टोपलीवर कपाळ टेकलं आणि भर बाजारात "चिन्नारी गं!" म्हणून तिने हंबरडा फोडला.

सिंहाचलम गादीवरून उडी टाकून आला. "ऊठ! गाठोडं उचल तुझं! अम्मा, माफ करा. तीन महिने घोकत होती, तरी ही डोंगरीण चुकली ती चुकलीच!"

पैडम्मा बराच वेळ रडली. सुकांती हात न काढता तिथेच बसून होती. शेवटी पैडम्माने पदराने तोंड पुसलं, सिंहाचलमला हाताने बाजूला सारलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "चुकली? अरे मुडद्या, साऱ्या गावात आपली भाषा नीट येते ती हिला एकटीला."