पांघरूण

पेटीवर खताची रिकामी गोणी सुतळीने नीट बांधलेली होती. शाल्मलीने ती सोडली. सौर पट्टीला ऊनच मिळालं नव्हतं. पेटी केव्हाच बंद पडली होती.

डोंगर सरकू लागला की इशारा देणाऱ्या अशा पेट्या तिने उतारभर बसवल्या होत्या. एक बंद पडली तर बाकीच्या आपसांत नवी वाट जुळवून निरोप पुढे धाडत. या करामतीबद्दल तिचं कौतुकही झालं होतं. पण त्याच करामतीमुळे कचेरीतल्या संगणकाचा पडदा 'सगळं ठीक' म्हणत हिरवाच राहिला, आणि याच पेटीखालची दरड हौसाबाईंच्या गोठ्यावर कोसळली. दुभती म्हैस गाडली गेली.

"म्हातारीनंच झाकली की! सुटलो आपण," सोबतचा देवदत्त पुटपुटला.

हौसाबाई धापा टाकत वर आल्या. "पावसात भिजत होती गं बाय, म्हणून पांघरूण घातलं. माझं काही चुकलं का?"

शाल्मलीला त्यांच्याकडे बघवेना. एखादी गप्प झाली तर बाकीच्यांनी ओरडायचं, हे तिने पेट्यांना शिकवलंच नव्हतं.

"नाही आजी. चुकलं माझं."

देवदत्तने पुराव्याच्या फोटोसाठी मोबाइल काढायच्या आत तिने गोणी स्वतःच्या पिशवीत कोंबली.