चुलतभाऊ आला भेटीला

“सांगितलं तर तुमचा विश्वास बसायचा नाही, बाई,” फरशीवाला मिस्त्री म्हणाला आणि हात पुसत त्यांच्या वाटेतच उभा राहिला.

सकाळी त्याच्या हातून हातोडा निसटला आणि बैठकीच्या ऐन मध्यावरच्या फरशीचे दोन तुकडे झाले. ती फरशी ज्या खाणीतली, तिथला दगड संपलेला. मग जुन्या कामातली उरलेली एक फरशी त्याने घाईघाईने तिथे बसवली. बाकीच्या फरश्यांत दगड होऊन बसलेले शंख होते ते गुळगुळीत, सडपातळ. हिच्यात एकच, पण गलेलठ्ठ आणि काटेरी. तीस वर्षांत एकदा घातलेली फरशी उचलायची पाळी त्याच्यावर आली नव्हती. आणि घरमालकीण बाई चष्मा नाकावर चढवून नेमकं तिथेच बघत होत्या.

“हा असा वेगळा का?”

“वेगळा कसला? घरचाच आहे! सगळी एका आईची लेकरं. एकदा काय झालं, समुद्रात मधोमध जमीन वर आली. निम्मी भावंडं अलीकडे अडकली, निम्मी पलीकडे. अलीकडची पोहून पोहून चवळीच्या शेंगा झाली. पलीकडच्यांना मेला खेकड्यांचा जाच; त्यांनी पाठीवर काटे उगवले.”

“आणि लाखो वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही?”

“कुठून पाहणार? मग जमीन खचली, वाट फुटली. पलीकडचा हा दांडगट निघाला चुलतभावांना भेटायला. आला, चार दिवस राहिला आणि इथल्याच चिखलात झोपला तो झोपला. हजारात एखादी अशी फरशी निघते. तुमच्यासाठी म्हणून मुद्दाम मधे घातली!”

बाई हसल्या. “वेगळे पडले की रूप बदलतं, वाट मिळाली की पुन्हा मिसळतात. खरंय. बत्तीस वर्षं शाळेत हेच शिकवलं मी.”

मिस्त्री खाली बघून थापी पुसू लागला.

“असू द्या मग,” बाई म्हणाल्या. “एवढ्या लांबून आलेला पाहुणा, त्याला उठवायचं कशाला?”

मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. तो भराभर हत्यारं पिशवीत कोंबू लागला.

बाईंनी चपलेच्या टोकाने फरशीची कड दाबली. सांध्यातून करडा, रबरबीत बुडबुडा वर आला.

“एवढं एकच सांगा, मिस्त्री. हे कोट्यवधी वर्षांपूर्वी आले ना? मग यांच्या खालचं सिमेंट अजून ओलं कसं?”