अनुजाबाईंची छत्री

“वाच गं आफशीन, मोठ्यानं,” पिराजी गुरुजी म्हणाले आणि पुस्तक तिच्याकडं सरकवलं. उलटं तर धरलं नव्हतं ना, या विचारानं त्यांचे कान तापले. आज वर्गात परकं माणूस होतं.

परकं म्हणजे डी.एड.ची शिकाऊ बाई, अनुजा. जयसिंगपूरची. कॉलेजं आता शाहूवाडीच्या डोंगरातल्या एकशिक्षकी शाळांतही शिकाऊ पोरं पाठवायला लागली होती. केंद्रप्रमुखांचा फोन आला होता, “गुरुजी, ह्या पोरीला शहरातली एक बी शाळा घ्यायला तयार न्हाय. तुम्ही सांभाळून घ्या. तिचं काय हाय की...” आणि नेहमीप्रमाणं रेंज गेली. भांडखोर असणार, दुसरं काय, असं गुरुजींनी ठरवून टाकलं.

भांडखोर म्हणजे चौकस, आणि गुरुजींना नेमकं तेच नको होतं. कारण त्यांचे डोळे गेले होते. काचबिंदू. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग अक्षरं गेली, आता उजेड आणि अंधार एवढंच कळे. शाळा पाठ होती, पायवाट पाठ होती, पोरं आवाजावरनं ओळखू येत. वाचायचं ते पोरांकडनं वाचून घ्यायचं, फळ्यावर लिहायचं तेही त्यांच्याकडनंच. पोरांना वाटे, गुरुजींची पद्धतच तशी. गावात कुणाला पत्ता नव्हता.

कळलं तर शाळेला कुलूप लागंल, दुसरा मास्तर इतक्या वर येतोय कशाला, अशी ते स्वतःची समजूत घालत. खरी गोष्ट वेगळी होती. त्यांना लाज वाटायची. आंधळा मास्तर, आणि पोरांना फसवून पगार खातोय!

अनुजा रोज छत्री टेकत चढण चढून येई आणि दारात कट-कट करत तिची घडी घाली. दुसऱ्याच दिवशी दारात दोघांची टक्कर झाली. मेलो, आता सापडलो! पण तीच हसून म्हणाली, “चूक माझीच हो, गुरुजी.” केवढी मोठ्या मनाची पोर! गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाळेत खिचडी शिजवणारी धोंडुबाई एकदा त्यांच्यापाशी हळहळली, “काय गुणाची पोर! पर देवानं असं कराय नको हुतं बघा.”

“व्हय की,” गुरुजींनी मान हलवली. दिसायला बेताची असंल, असा त्यांनी अंदाज बांधला. विचारायची सोय कुठं होती? रोज समोर वावरणारी बाई दिसते कशी, हे विचारायचं कुठल्या तोंडानं?

मग अनुजाचे पाठ सुरू झाले. गुरुजी मागं भिंतीला टेकून बसले.

“वाच बाळ, मोठ्यानं,” ती म्हणाली. “आता तू फळ्यावर लिही. बाकीच्यांनी नीट बघून सांगा, बरोबर हाय का?”

गुरुजींनी कान टवकारले. शब्दन्‌शब्द त्यांचाच! ओळखलं हिनं. ओळखलं, आणि आता पोरांपुढं नक्कल करून दाखवतीया. पोरं आपली खुशीत वाचत होती, आणि गुरुजी जमिनीवरची माती नखानं उकरत बसले होते.

मधल्या सुट्टीत ती जवळ येऊन बसली. “गुरुजी, तुमची पद्धत मला लई सोयीची पडली. आमच्या सरांना सांगितलंय, पुढच्या वर्षी आणखी पोरं इथं पाठवा. शिकवायचं कसं ते पिराजी गुरुजींचं बघून शिकू देत.”

टोमणाच की हा! गुरुजींनी ताट तसंच बाजूला सारलं.

शेवटच्या दिवशी पोरं घरी गेली. अनुजाही निघाली. गुरुजींना राहवेना.

“थांब, पोरी. आणखी कुणाला पाठवू नगंस. पद्धत-बिद्धत काय न्हाय ती. मला दिसत न्हाय. तुला ठावं हाय, मग उगं लाजवतीस कशाला? आजपातूर तुझं तोंड बी बघितलं न्हाय म्यां.”

अनुजानं त्यांचा हात शोधला आणि त्यात आपली छत्री ठेवली.

गुरुजींनी ती चाचपली. कापड नव्हतं, तारा नव्हत्या. नुसती घडीची काठी, टोकाला रबर.

“जन्मापासनं मला बी दिसत न्हाय, गुरुजी. हीच धरून चालतीया मी,” अनुजा म्हणाली. “पोरांनी सांगितलं न्हाय व्हय तुम्हास्नी?”

पोरं कशाला सांगतील? त्यांच्या लेखी गुरुजींना दिसत होतं.