निरोपाची फेरी

“त्याचा उजवा गुडघा धर,” जालिंदरने आपल्या बचावपटूच्या कानात सांगितलं.

व्यावसायिक कबड्डीतला दिगंबरचा तो निरोपाचा सामना होता. पंधरा वर्षं लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. जालिंदर त्याच्याच गावचा, त्याच्याच मंडळात घडलेला. पण त्याच्या वाट्याला फक्त विरुद्ध संघाचं प्रशिक्षकपद आलं. ‘दिगू, दिगू’ असा गजर झाला की त्याच्या पोटात दुखायचं. गुडघ्याचं दुखणं मात्र दिगूने विश्वासाने त्याला एकट्यालाच सांगितलं होतं.

दिगू अखेरच्या चढाईला आला. बचावपटूने नेमका तोच गुडघा आवळला. दिगू कळवळून कोसळला आणि सारं मैदान चिडीचूप झालं.

न राहवून जालिंदर धावत गेला. दिगूने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

“तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, जाल्या.”

जालिंदर त्याचा गुडघा चोळायला वाकला.

“असू दे. आता खांदा दे. लोकांचा निरोप घ्यायचाय.”

त्याला सावरत जालिंदर मैदानाला फेरी मारू लागला. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एवढ्या टाळ्यांतून तो जन्मात पहिल्यांदाच चालत होता, आणि त्याची मान काही केल्या वर होत नव्हती.